आमच्या घरची जाहीर सभा

माझं माहेर इंदापुरातलं. तिथं घरातली कुठलीही गोष्ट ठरायची ती आरडाओरडा करून. वडील ओरडायचे, काका ओरडायचे, शेजारचे एकदोघं येऊन त्यात आपला आवाज मिसळायचे, आणि सगळे दमले की आई म्हणेल ते व्हायचं. मला ही पद्धत अगदी नैसर्गिक वाटायची. त्यामुळे लग्न होऊन भवानीनगरजवळच्या वस्तीवर आले, आणि पहिल्याच रविवारी दुपारी सासरे ओसरीवर खुर्ची मांडून बसले, समोर सतरंजीवर सगळं घर गोळा झालं आणि माझा नवरा उभा राहून म्हणाला, "अध्यक्षमहाराज, आपण जर्शी गाय घ्यावी असा ठराव मी मांडतो," तेव्हा मला वाटलं, नव्या सुनेची चेष्टा चाललीय.

पण कुणी हसेना. सासऱ्यांना घरात सगळे तात्या म्हणायचे. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "अनुमोदक?"

स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो न थांबवता सासूबाई आतूनच म्हणाल्या, "माझं अनुमोदन."

मग चर्चा झाली. नणंद तेव्हा कॉलेजात होती, तिनं म्हशीच्या बाजूनं भाषण केलं. माझ्या नवऱ्यानं गाईच्या बाजूनं उत्तर दिलं. हात वर झाले, मोजले गेले, आणि गाय घ्यायचं ठरलं. शेवटी नणंदेनं आभार मानले आणि मग चहा झाला. मी माहेरी फोन करून आईला सांगितलं की ही माणसं चांगली आहेत, पण थोडी वेडी आहेत.

सभेचे नियम मला हळूहळू कळले. ठराव कुणीही मांडू शकतो, अगदी नवी सूनसुद्धा. पण ज्यानं मांडला त्यानं अध्यक्षाच्या खुर्चीवर बसायचं नाही. अध्यक्षाला मत नाही, फक्त बरोबरी झाली तर निर्णायक मत. ठराव मांडणारा तो सूचक. त्याला पाठिंबा देणारा तो अनुमोदक, आणि अनुमोदक मिळाला नाही तर ठराव तिथंच पडला, त्याच्यावर एक शब्द बोलायचा नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर सूचकानं शेवटचं उत्तर द्यायचं. भाषणात कुणी मधे बोललं तर तात्या पाण्याच्या तांब्यावर चमचा वाजवायचे. त्या तांब्याच्या आवाजानं माझा नवरा आजही गप्प होतो. मला त्याचा संसारात फार उपयोग झाला.

हे खूळ घरात आणलं तात्यांच्या आजोबांनी, इंग्रजांच्या राज्यात. त्यांना घरात थोरले आबा म्हणत. पाटाचं पाणी आल्यावर त्यांनी ऊस लावला होता आणि गूळ पुण्याला न्यायचे. बारामतीपर्यंत बैलगाडी, तिथून दौंडपर्यंत छोटी आगगाडी, पुढं मोठी. एकदा गूळ देऊन झाला आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. पेठेतून हिंडताना त्यांना एका पटांगणात मोठी गर्दी दिसली. आबांना वाटलं कुस्त्या असतील. म्हणून ते घुसले.

कुस्त्या नव्हत्या, जाहीर सभा होती. सरकारच्या कुठल्याशा कायद्याविरुद्ध. आबांना त्यातलं निम्मं समजलं नाही. पण एक गोष्ट त्यांनी डोळ्यांत साठवून आणली. एक पागोटेवाले गृहस्थ उठले, त्यांनी कागदावरून चार ओळी वाचल्या आणि म्हणाले, हा ठराव मी मांडतो. मग दुसराच कुणी माणूस दुसऱ्याच कोपऱ्यातून उठला आणि म्हणाला, माझं अनुमोदन आहे. आणि मग एवढ्या मोठ्या पटांगणात सगळीकडून हात वर झाले. आबांनीही केला. कशासाठी केला हे नीट माहीत नसताना केला, असं ते पुढं मोकळेपणानं सांगायचे.

गावात येऊन त्यांनी जे सांगितलं ते आमच्या घरात तोंडपाठ आहे. "सरकारला शिव्या तर आमी बी देतो. पर ती माणसं सूचक-अनुमोदक लावून देत्यात."

बारामतीच्या कॉलेजात मी पुष्कळ वर्षं इतिहास शिकवला. वसाहतकाळातला लोकमताचा उदय हा धडा दरवर्षी यायचा, आणि दरवर्षी मुलं जांभया द्यायची. वर्तमानपत्रं निघाली, सभा स्थापन झाल्या, अर्ज गेले, सुशिक्षित वर्ग जागा झाला. पुस्तकात सगळं बरोबर लिहिलेलं असायचं आणि त्यात एकही माणूस दिसायचा नाही. मी पुस्तक मिटून थोरल्या आबांचं हे वाक्य सांगायचे. मग मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची. मी त्यांना विचारायचे, लोकमत उदयाला यायच्या आधी लोकांना मतं नव्हती का? होती की. ढीगभर होती. चावडीपाशी होती, पाणवठ्यावर होती, भावकीत तर नको तितकी होती. पण ते बोलणं जिथल्या तिथं राहायचं. आपलं मत नाव लावून चारचौघांत उभं करायचं, आणि ज्याचं आपलं काही नातं नाही अशा माणसानं त्याच्या मागं उभं राहायचं, ही गोष्ट नवी होती. सरकारला नेमकी तिची धास्ती वाटली.

मग मी त्यांना पुढची हकीकत सांगायचे, ती मला जास्त आवडते.

आबांनी पुण्याहून आणलेली युक्ती गावात करून बघायचं ठरवलं. निमित्त होतं पाटाच्या पाण्याचं. उन्हाळ्यात पाण्याची पाळी ठरल्या वारी येत नव्हती, आणि पाटकऱ्याला, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्या सरकारी माणसाला, कुणी विचारायचं धाडस करत नव्हतं. आबांनी मारुतीच्या देवळापुढं सभा बोलावली. गाव जमलं. पाटकरीही येऊन ऐटीत पुढंच बसला. आबांनी उभं राहून ठराव मांडला, की पाण्याची पाळी ठरल्या वारी मिळावी अशी सरकारास विनंती आहे. आणि विचारलं, अनुमोदक कोण?

कुणी उठेना. आदल्या दिवशी घरोघर ज्यांनी माना डोलावल्या होत्या ते सगळे आता देवळाच्या कळसाकडं बघत होते. पाटकरी मिशीत हसत होता.

गर्दीच्या कडेला एक मेंढपाळ उभा होता. त्याची मेंढरं गावाबाहेर बसली होती आणि तो नुसताच गंमत बघायला आला होता. तो म्हणाला, "लिवा माझं नाव."

लोकांनी त्याला सांगितलं की बाबा, हे पाटाच्या पाण्याचं आहे, तुला तर पाटाखाली वावभर रान नाही. तो म्हणाला, "न्हाय ना. म्हणून तर मला कोण काय करणार? पाणी मिळू दे न्हायतर न मिळू दे, ह्या माणसाला बोलू तर द्या."

त्याचं नाव लागलं आणि मग मात्र चर्चा अशी पेटली की पाटकरी मधेच उठून निघून गेला. ठराव मंजूर झाला, टपालानं कलेक्टरकडं गेला. त्याचं उत्तर कधीच आलं नाही. त्या उन्हाळ्यात पाणी वेळेवर आलं, ते ठरावामुळे की वरच्या अंगाला पाणी जास्त होतं म्हणून, हे कुणालाच माहीत नाही. पण पाटकरी त्यानंतर आबांना 'ए' म्हणायचा बंद झाला, आणि आबांनी घरातसुद्धा ठरावाशिवाय काही करायचं नाही असं ठरवलं. अर्थात त्या काळी घरातल्या बायका ओसरीवर येत नव्हत्या. आबांच्या सभेत निम्मं घर नव्हतंच. बायकांना मत दिलं ते तात्यांनी, आणि ते दिलं सासूबाईंनी एक रविवार चूल पेटवायला नकार दिल्यावर. हे मला सासूबाईंनी सांगितलं. तात्या म्हणतात असं काही झालंच नव्हतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांच्याविषयी सुरुवातीला माझं मत फारसं चांगलं नव्हतं. कारण ठराव कुणाचाही असो, अनुमोदन त्यांचंच. तात्यांनी डाळिंब लावायचं म्हटलं, अनुमोदन. मुलानं डाळिंब काढायचं म्हटलं, तरी अनुमोदन. मी नुकतीच एम.ए. झाले होते आणि मला होयबा माणसांचा भयंकर राग यायचा. ह्या बाईला स्वतःचं काही मत आहे की नाही, असं मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तू एखादा ठराव मांड, मग बघ."

मी मांडला. बारामतीच्या कॉलेजात मला नोकरी मिळत होती, ती मी करावी, असा. "अनुमोदक?" तात्यांनी विचारलं. नवरा तोंड उघडणार तेवढ्यात आतून नेहमीसारखा आवाज आला, "माझं अनुमोदन." माझा जीव भांड्यात पडला. मग आत्या पदराला हात पुसत बाहेर आल्या, सतरंजीवर बसल्या, आणि माझ्याच नोकरीच्या विरोधात बोलल्या. "यष्टीनं रोज जायचं, यायचं. आल्यावर घरचं हायच. पोरगी वाळून जाईल. तिच्या आईला मी काय तोंड दावू?" मतदान झालं तेव्हा विरोधातला एकच हात होता, आत्यांचा. ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर त्या चुलीपाशी बसून माझ्यासाठी डब्याच्या भाकरी करत होत्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, "आत्या, मी जाऊ नये असंच तुम्हाला वाटत होतं, तर मग अनुमोदन कशाला दिलंत? ते दिलं नसतं तर ठराव तिथंच पडला असता."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "अनुमोदन म्हंजी होकार न्हाय गं. तुला बोलायचं हुतं. बोलू तर दिलं पायजे."

त्या क्षणी मला त्या फार आवडल्या. पुढं आयुष्यभर आवडत राहिल्या. भांडणं आमची झाली, भरपूर झाली, पण ती सगळी रीतसर झाली.

पुढं आम्ही बारामतीला फ्लॅट घेतला, तरी रविवारी सभेला वस्तीवर जायचो. दोन वर्षांपूर्वी आत्या गेल्या. थोडंसंच दुखणं झालं आणि गेल्या. त्यानंतर वस्तीवर सभा झाली नाही. कुणी बंद केली असं नाही. तात्यांनी एकदा खुर्ची मांडली होती म्हणे, आणि थोडा वेळ बसून परत आत नेऊन ठेवली.

मग तात्या पडले. ठिबकचा फिल्टर धुवायला गेले होते, पाय घसरला, आणि बराच वेळ बांधावरच पडून राहिले. शेजारच्या शेतातला माणूस योगायोगानं तिकडून चालला होता म्हणून बरं. हाड मोडलं नाही, पण आमचा धीर मोडला. माझा नवरा त्याच संध्याकाळी गाडी घेऊन गेला आणि तात्यांना बारामतीच्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आला. त्यांचे चार सदरे, दोन धोतरं आणि काठी. कसला ठराव नाही, कसलं अनुमोदन नाही. आणि तात्याही काही न बोलता गाडीत बसले.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे. तात्यांना वेगळी खोली दिली, खिडकीतून लांबवर हिरवं दिसतं अशी. माझी मुलगी आजोबांवर जीव टाकते. तिनं त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मोबाईलवर लावल्या. मी त्यांना आवडते तशी लसणाची चटणी करत होते. नवरा कामावरून आल्याबरोबर पहिल्यांदा त्यांच्या खोलीत डोकवायचा. इंदापूरला दिलेली नणंद दिवसातून दोनदा फोन करायची. काळजी घेण्यात आम्ही काही म्हणता काही कमी पडलो नाही.

तात्या टीव्हीवरच्या चर्चा बघायचे. तिथं एका वेळी सहा जण ओरडत असायचे. थोडा वेळ बघून ते विचारायचे, "ह्यांच्यात अध्यक्ष कुठला?" मुलीनं त्यांना आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. तिथं जो तो सकाळपासून मतं टाकतो आणि बाकीचे अंगठे लावतात. तात्या म्हणाले, "अंगठा तर आमच्या पणज्याबी लावत हुत्या." मग त्यांनी ग्रुप उघडणं सोडून दिलं. ते हळूहळू कमी बोलायला लागले. जेवायला बोलावलं की येत, जेवत, जेवण चांगलं झालंय म्हणत, परत खोलीत जात. आम्ही आपसांत म्हणायचो, रुळले आता.

एका शनिवारी त्यांनी मुलीकडून नणंदेला फोन लावून घेतला. "उद्या दुपारी सभा हाय. ये."

रविवारी नणंद एसटीनं आली. जेवणं झाली. तात्यांनी हॉलमधली एक खुर्ची भिंतीपाशी नेऊन ठेवायला सांगितली, आणि स्वतः तिच्यावर बसले नाहीत. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तू बस. मला ठराव मांडायचाय." नवऱ्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ठराव काय आहे ते त्यालाही कळलंय. आम्हा सगळ्यांनाच कळलं होतं.

तात्या काठीला धरून उभे राहिले. "अध्यक्षमहाराज, मी परत वस्तीवर ऱ्हायला जावं, असा ठराव मांडतो."

नवरा खाली बघत म्हणाला, "अनुमोदक?"

कुणी काही बोललं नाही. फ्रिजचा आवाज येत होता. नणंद पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मुलगी माझ्याकडं बघत होती. मी समोरच्या भिंतीकडं बघत होते, आणि मला नक्की माहीत होतं की आम्ही काय करतोय. तात्यांना तोंडावर नाही म्हणायची आमच्यातल्या एकाचीही हिंमत नव्हती. पण नाही म्हणायची गरजच नव्हती. गप्प बसलं की झालं. त्यांचाच नियम होता. कुणी वाईट होणार नाही, कुणाला दुखवावं लागणार नाही, कुणालाही कारण द्यावं लागणार नाही. ठराव आपोआप पडेल आणि संध्याकाळी आपण सगळे मिळून कणीस खाऊ. आम्ही हे सगळं त्यांच्यावरच्या मायेपोटी करत होतो.

तात्यांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. मग बसायला खुर्ची चाचपत म्हणाले, "अनुमोदक न्हाय. अध्यक्ष, ठराव पडला म्हना. म्हनावं लागतंय."

नवऱ्यानं ते म्हणायला तोंड उघडलं.

"माझं अनुमोदन," मी म्हणाले.

नवऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं की बस. घरी दुसरं कुणी नसतं तर तिथंच जुंपली असती. पण तो अध्यक्ष होता. त्याला म्हणावंच लागलं, "चर्चेला सुरुवात करावी."

सगळ्यांत आधी मीच विरोधात बोलले. मी म्हटलं, तात्या, तुम्ही बांधावर पडलात तेव्हा तुम्हाला बघणारा माणूस योगायोगानं आला. रोज योगायोग येत नाही. मी रात्रीची झोपू शकणार नाही. नणंद बोलली, ती बोलता बोलता रडली. लाईट जाते, साप-जनावर निघतं, जवळ डॉक्टर नाही, तिथं आता आई नाही, तिथं आहेच कोण? मुलगी मात्र म्हणाली की आजोबांना तिथं बरं वाटत असेल तर त्यांना जाऊ द्यावं, आणि आपण एक बाई जेवणाखाण्यासाठी लावावी. पुष्कळ बोलणं झालं. सहा महिने मनात साठलेलं सगळं त्या दुपारी बाहेर आलं, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं.

मग सूचकाच्या उत्तराची वेळ आली. तात्या बसूनच बोलले.

"हितं समदी माझं लई करत्यात. माझी कशाची तक्रार न्हाय. पर सकाळपास्नं मला काय इचारत्यात? गोळी घेतली का. झोप लागली का. जेवला का. घेतो, लागती, जेवतो. झालं माझं बोलणं. वस्तीवर सकाळी दुधाच्या डेरीवर जाऊन बसतो. पेपर येतो. कुणीतरी वाचतंय. मंग इचारत्यात, तात्या, तुमाला काय वाटतं? कारखान्याचं काय हुईल, पाण्याचं काय हुईल, ह्या बारीला कोण निवडून येईल. माझं निम्मं चुकतंय. मागल्या बारीला तर समदंच चुकलं, हसली की मला पोरं. तरी दुसऱ्या दिशी परत इचारलंच."

नवरा स्वतःच्या हाताकडं बघत होता.

"आबांनी सरकारला ठराव धाडला. सरकारनं काय इचारलं न्हवतं. आबा म्हणायचे, इचारलं न्हाय म्हणून तर सांगितलं. तसं मी बी सांगतोय. मला पडायची भीती हाय. न्हाय असं न्हाय. पर हितं मी काय पडायचा न्हाय आन काय बोलायचा बी न्हाय." मग ते माझ्याकडं वळले. "आता हात वर करा. ज्याला जसं वाटंल तसं. माझ्या तोंडाकडं बघून करू नगा."

ठरावाच्या बाजूनं दोन हात वर झाले. तात्यांचा आणि माझ्या मुलीचा.

विरोधात नणंदेचा हात वर झाला. आणि माझा. खोटं कशाला सांगू, त्यांचं बोलणं काळजाला लागलं होतं, पण डोळ्यांपुढं तो बांध होता. हात वर केला तेव्हा मला तात्यांकडं बघवत नव्हतं. तरी बघितलं. ते रागावले नव्हते. उलट मान हलवून मला म्हणाले, "बराबर हाय. तुझं तू केलंस."

बरोबरी झाली. आता अध्यक्षांचं निर्णायक मत.

माझा नवरा ह्या ठरावाच्या किती विरोधात होता हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. वस्तीवरच्या घराला कुलूप त्यानंच लावलं होतं आणि किल्ली खिशात घेऊन हिंडत होता. गेले सहा महिने तो रात्री उठून बापाच्या खोलीच्या दाराशी उभा राहायचा, श्वास ऐकायला. आम्हा सगळ्यांना वाटलं, संपलं.

त्यानं खिशातून ती किल्ली काढून हातात धरली. मग त्यानं विचारलं, "तात्या, मत बदललं तर चालतं का अध्यक्षाला? मी खुर्चीवर बसलो तेव्हा माझं वेगळं होतं."

"चालतंय की," तात्या म्हणाले. "त्याच्यासाठीच तर सभा घेत्यात."

ठराव मंजूर झाला. नणंदेनं रडत रडत आभार मानले. तिनं आभार कुणाचे मानले आणि कशाबद्दल, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं, पण शेवटी आभार मानायचे असतात.

पुढच्या आठवड्यात तात्या वस्तीवर गेले. मुलीच्या सूचनेप्रमाणे एक मावशी स्वयंपाकाला लावली आणि फिल्टर धुवायला दुसरा माणूस ठेवला. मी रोज सकाळी फोन करायचे. कधी उचलायचे, कधी उचलायचे नाहीत. गेल्या महिन्यात एका सकाळी परत परत लावूनही त्यांनी फोन उचलला नाही, तेव्हा आम्ही दोघं सगळं टाकून गाडी काढली आणि तडक भवानीनगरकडं निघालो. नवरा गाडी चालवत होता. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो तेव्हा त्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

वस्तीच्या अलीकडं दुधाची डेअरी लागते. तिथं माणसांचं कोंडाळं दिसलं. नवऱ्यानं गाडी रस्त्याच्या कडेलाच सोडली. आम्ही धावत गेलो.

तात्या मधोमध पत्र्याच्या खुर्चीवर बसले होते आणि सगळे त्यांच्यावर तुटून पडले होते. निवडणुकीचं काहीतरी चाललं होतं. तात्यांनी कसलंसं मत दिलं होतं आणि ते तिथं एकालाही पटलेलं नव्हतं. एक तरणा मुलगा तर हातातली दुधाची किटली खाली ठेवून दोन्ही हात हलवत त्यांना चूक ठरवत होता. तात्यांचा मोबाईल बाजूला किटल्यांच्या रांगेत वाजून वाजून गप्प झाला होता. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आवाज चढला होता, आणि आम्ही दोघं येऊन उभे आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी पुढं व्हायला निघाले तर नवऱ्यानं माझा दंड धरला. आम्ही गाडीकडं परत आलो. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर त्या कोंडाळ्याकडं बघत होता.

"पडले तर धरायला एवढी माणसं आहेत गं," तो म्हणाला.